किल्ल्याच्या दारावरचा सारस

दर आठवड्याला या पानावर मी काहीबाही बडबडतो आणि आपण ते सोशिकपणे वाचता. पण दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप आला की माझी गाळण उडते. चकलीचा एक घाणा बिघडला तर दुसरा घालता येतो. दिवाळी अंकातला लेख बिघडला तर तो पुढच्या दिवाळीपर्यंत पाहुण्यांसमोर पडून राहतो! यंदा मात्र विषय शोधावा लागला नाही. आमच्या नातीने तो अंगणातच बांधून ठेवला होता.

आम्ही महालातले. आमच्याकडे वसुबारसेच्या आधी अंगणात विटा आणि जुनी पोती येऊन पडतात, पोरे कोपरापर्यंत चिखलाने माखतात आणि किल्ला उभा राहतो. यंदाही बुरूज झाले, तळे झाले, उतारावर हळीव पेरून झाले. मावळे मांडताना मात्र लक्षात आले की, महादरवाजावरचा पहारेकरी गेल्या वर्षीच कमरेत मोडला आहे. नातीने थोडा विचार केला, घरात गेली आणि कपाटातला एक लांब पायांचा लाकडी पक्षी घेऊन आली.

"आबा, पहारेकरी म्हणून हा चालेल का हो?"

"चालेल काय म्हणतेस! या जागेवर पहिला हक्क त्याचाच आहे."

झाले. आता गोष्ट सांगणे भाग होते.

हितोपदेशाचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते, पण सिंह, ससा आणि म्हातारा वाघ यांच्यापलीकडे आपण सहसा जात नाही. नारायण पंडिताच्या या ग्रंथाचे चार भाग. १८१५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून वैजनाथ पंडितांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर बाहेर पडले, तेही मोडी अक्षरात. याच छापखान्याने पुढे आमच्या रघूजी भोसल्यांची वंशावळही छापली, तेव्हा नागपूरकराने या ग्रंथाशी थोडी सलगी दाखवली तर ती चालून जावी. त्याचा तिसरा भाग म्हणजे 'विग्रह'. सबंध भागात एकच लढाई आहे आणि लढणारे सारे पक्षी.

कर्पूरद्वीपात पद्मकेली नावाचे सरोवर. तिथे हिरण्यगर्भ नावाचा राजहंस सर्व पाणपक्ष्यांचा राजा. इकडे विंध्य पर्वतावर चित्रवर्ण नावाचा मोर राजा. दीर्घमुख नावाचा एक बगळा प्रवासाला जातो, मोराच्या मुलखात आपल्या राजाची बढाई मारतो आणि दोन राज्यांत वैर लावून परत येतो. (असे बगळे आपल्याही ओळखीत असतातच. ते लढाईत कधी मरत नाहीत.) हंसाचा प्रधान चक्रवाक मोठा शहाणा. आश्रय मागत आलेल्या मेघवर्ण कावळ्याला आत घेऊ नका, असे तो राजाला परोपरीने सांगतो. राजा ऐकत नाही. कावळा किल्ल्यात राहतो आणि ऐन वेळी आतूनच आग लावतो.

हा किल्ला म्हणजे ते सरोवरच. तो सज्ज करण्याचे काम राजाने सेनापती सारसाकडे दिलेले असते. आग लागताच पाणपक्षी भराभर पाण्यात शिरतात. राजहंस मात्र जातीचाच मंदगती. तो मागे राहतो आणि त्याच्याबरोबर एकटा सारस राहतो. मोराचा सेनापती कोंबडा दोघांना घेरतो. तेव्हा राजा म्हणतो, सेनापती, माझ्यासाठी तुम्ही जीव देऊ नका. तुम्हाला अजून निघता येईल. पाण्यात शिरा आणि माझ्या मुलाला गादीवर बसवा. सारस ऐकत नाही. तो म्हणतो, मी किल्ल्याचा राखणदार आहे. शत्रूला आत यायचे तर माझ्या रक्तामांसाने माखलेल्या दारातून येऊ दे. कोंबडा नखांनी राजावर तुटून पडतो, तसा सारस आपल्या अंगाखाली राजाला झाकून घेतो, सारे वार स्वतःवर घेतो आणि राजाला पाण्यात ढकलून देतो. मग चोचीने कितीतरी शत्रू मारतो आणि शेवटी अनेकांनी मिळून त्याला मारल्यावर पडतो.

नात गप्प बसली होती. जरा वेळाने तिने विचारले, "मग राजाने त्याच्यासाठी काय केलं?"

वाचकहो, गोष्ट सांगणाऱ्याने अशा प्रश्नाला तयार असावे. मी नव्हतो. सारसाची स्तुती ग्रंथात आहे, पण ती गोष्ट ऐकणारे राजपुत्र करतात आणि विष्णुशर्मा त्याला स्वर्ग चिंततो. चौथ्या भागात राजहंस पुन्हा भेटतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, किल्ल्याला आग कोणी लावली? पुढे गिधाड आणि चक्रवाक हे दोघे प्रधान खटपट करून तह घडवून आणतात आणि राजे आपापल्या घरी सुखाने जातात. वाचलेल्या राजाने मेलेल्या सारसाबद्दल एक शब्द काढल्याचे मला तरी आठवत नाही.

"काही नाही केलं," मी म्हणालो आणि उठून आत गेलो.

उठण्याचे कारण सांगतो. १९७७ साली मी एका सरकारी कचेरीत नवा कारकून होतो. आमच्या बडेबाबूंबरोबर आमगावकडे दौऱ्यावर गेलो होतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला. एका तलावाच्या पाळीवरून चालताना बडेबाबूंनी माझा दंड धरून थांबवले. खाली धानाच्या बांधीत सारसांची जोडी उभी होती. जवळजवळ पुरुषभर उंचीचे राखी पक्षी, मान आणि डोके तांबडेलाल. एकाने मान वर करून साद घातली आणि ती पुरी होण्याच्या आत दुसऱ्याने उचलली. बडेबाबू हळूच म्हणाले, "जोडीतला एक मेला तर दुसरा जागा सोडत नाही म्हणतात."

परतताना मोजणीची वही असलेली पिशवी मी एसटीत विसरलो. ती पुन्हा मिळाली नाही. चौकशी लागली. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती आणि घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. बडेबाबूंनी साहेबांपुढे शांतपणे सांगितले की, वही माझ्या ताब्यात होती. त्यांची वेतनवाढ रोखली गेली. निवृत्तीला चार वर्षे उरली होती, तेव्हा तो फटका पुढे पेन्शनलाही बसला. मी जिन्यात त्यांचे पाय धरायला गेलो तर म्हणाले, "जाऊ द्या जी. माझं काय, संपतच आलं. तुमची सारी नोकरी पडून आहे."

आणि मी जाऊ दिले. कायम झालो, बहिणींची लग्ने झाली, बढत्या घेतल्या. बडेबाबू वारले तेव्हा भेटायला गेलो, चहा घेतला आणि त्यांच्या मुलाला "फार भला माणूस होता" एवढेच सांगून परत आलो. त्या घरात आजही वही बडेबाबूंनीच हरवली असे समजत असतील.

आज महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदिया आणि भंडारा याच मुलखात जावे लागते आणि तिथेही ते मोजकेच उरले आहेत. पाणथळ जागा आटल्या, धानावर विषारी फवारे आले आणि जमिनीवरून धावत जाऊन उठणाऱ्या या जड पक्ष्याला विजेच्या तारा आडव्या आल्या. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्यांचा प्रश्न हाती घेतला. शेतात अंडी दिसली तर तेवढा तुकडा सोडून कापणी करणारे शेतकरीही त्या भागात आहेत. आमची बांधीतली ती जोडी कधीच गेली असेल.

संध्याकाळी मी अंगणात आलो तेव्हा पणत्या लागल्या होत्या. नातीने दारावरच्या लाकडी सारसापुढे एक वेगळी पणती ठेवली होती.

"ही कोणी लावली?"

"राजाने," ती म्हणाली. "त्याला आता आठवलं."

बडेबाबूंच्या मुलाचा पत्ता मी शोधून काढला आहे. ते आता नंदनवन भागात राहतात. हा अंक हाती आला की पाडव्याला तो घेऊन त्यांच्याकडे जाईन म्हणतो.