परका पाहुणा आणि सदलग्याची वाट

गोव्यातील पर्यटनाचा हंगाम आणि दूधगंगेकाठचा ऊस गळिताचा हंगाम एकाच सुमारास सुरू होतात. इकडे विमानतळांवर परदेशी पाहुण्यांची रीघ लागते, तर तिकडे घाटमाथ्यापलीकडे चिकोडी, सदलगा, बोरगाव, शिरोळ या टापूत उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी कोणालाही वाटणार नाही. परंतु सकाळी गोव्याहून निघालेला माणूस चोर्ला घाटाने बेळगाव आणि तेथून पुणे-बंगळूर महामार्गाने निपाणी गाठून दिवेलागणीला सदलग्याच्या वेशीवर पोहोचू शकतो. त्याच वेळी उसाच्या गाड्याही रस्त्यावर असतात. या भेटीची पूर्वतयारी कोणी केलेली आहे काय, हा आमचा प्रश्न आहे.

सदलग्याला परदेशातून कोण येणार, असे कोणी विचारील. दिगंबर जैन समाजाचे आचार्य विद्यासागर महाराज यांचा जन्म १९४६ साली याच गावी झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत छत्तीसगडमधील डोंगरगड येथे त्यांनी समाधी घेतली. त्यांचे जन्मगाव पाहावे असे वाटणारे श्रद्धाळू जैन केवळ भारतातच राहतात असे नव्हे. दुसरे, सीमाभागातील कितीतरी घरांतील मुले आखातात, इंग्लंडात, अमेरिकेत स्थिरावली आहेत. त्यांची तेथेच वाढलेली मुले आजोळी येतात. नाव आपले, चेहरा आपला, पण वाहन हाकण्याचा सगळा संस्कार परका. आणि तिसरे, समुद्रकिनाऱ्याला कंटाळून हंपीकडे निघणारे गोरे दुचाकीस्वार. ते सदलग्याला जाणार नाहीत, पण त्याच मुलखाच्या कडेने जातील.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात सांगता येते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हा स्वतंत्र परवाना नव्हे; तो मूळ देशाच्या परवान्याचा सर्वमान्य नमुन्यातील अनुवाद आहे. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे त्याची मुदत एक वर्षाची असते. मूळ परवाना जवळ नसेल तर त्या पुस्तिकेला अर्थ नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मूळ परवाना केवळ मोटारीचा असेल तर त्यावर दुचाकी चालविता येत नाही. ही एवढी साधी गोष्ट आपल्या किनाऱ्यावर किती जणांना सांगितली जाते? चारचाकीच्या परवान्यावर स्कूटर घेऊन जाणारा पाहुणा पडला, तर दंड राहो बाजूला, त्याचा विमा त्याच्या कामी येण्याची शक्यता फार थोडी उरते. इस्पितळाचे बिल मग कोणी भरायचे? भाड्याने चालवावयाच्या वाहनाची पाटी काळी व अक्षरे पिवळी असावीत असा नियम आहे. तरीही पांढऱ्या पाटीची घरगुती स्कूटर चार पैशांसाठी परक्याच्या हाती देणारे लोक आपल्यातच आहेत, हे आम्हा गोमंतकीयांना लपविता येणार नाही.

पण कागद चोख असले म्हणून भागत नाही. आमच्या रस्त्याचे एक अलिखित व्याकरण आहे आणि ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. इंग्लंडात समोरच्याने दिव्याची उघडझाप केली तर 'तुम्ही आधी जा' असा व्यवहारातील अर्थ घेतात. आमच्याकडे तिचा अर्थ 'मी येतो आहे, तू थांब' असा होतो. त्या देशातून आलेला सज्जन कृतज्ञतेने हात हलवीत पुढे जाईल आणि थेट ट्रकखाली सापडेल! पुढच्या ट्रकने उजव्या बाजूचा दिवा लावला म्हणजे तो उजवीकडे वळणार, की मागच्याला 'खुशाल पुढे जा' असे सुचवितो आहे? कधी हे, कधी ते. भोंग्याचेही तसेच. ट्रकच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे २०१५ साली महाराष्ट्र सरकारने बंद केली, परंतु भोंगा ही शिवी नसून 'मी मागे आहे' एवढीच वर्दी आहे, हा अर्थ रस्त्यावरून गेलेला नाही. जर्मनीतून आलेला माणूस मात्र भोंगा ऐकून दचकतो वा रागावतो, आणि गाडी चालविताना दोन्ही गोष्टी घातक.

डाव्या-उजव्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण तिचे मर्म थोड्यांना. उजव्या बाजूने चालविणाऱ्या देशातला माणूस भर रहदारीत चुकत नाही. पुढे वाहने असतात, त्यांच्या मागून तो मुकाट जातो. चुकतो तो रिकाम्या रस्त्यावर, सकाळी चहाच्या टपरीवरून गाडी पुन्हा सुरू करताना, किंवा शेतातल्या आडवाटेवरून मोठ्या रस्त्याला लागताना. म्हणजे सदलग्यासारख्या शांत मुलखातच तो अधिक चुकणार. जाता जाता एक सांगण्याजोगे. १९२८ साली पोर्तुगालने डावी बाजू सोडून उजवी धरली, पण गोव्यात मात्र डावीच राहू दिली, कारण चहूकडे ब्रिटिश हिंदुस्थान होता. शेजाऱ्याशी जुळवून घेतल्यावाचून रस्ता चालत नाही, एवढे शहाणपण परकीय सत्तेलाही होते. पुढे १९६७ च्या सप्टेंबरात स्वीडन एका पहाटेत डावीकडून उजवीकडे गेले. त्याआधी त्या सरकारने घरोघरी माहिती पोचविली, शाळांतून शिकविले, देशभर नव्या पाट्या उभारल्या. स्वतःच्या देशात, स्वतःच्या रस्त्यावर बाजू बदलण्यासाठी एका शासनाला इतकी तयारी लागली. आम्ही मात्र विमानातून उतरलेल्या माणसाने किल्ली हाती घेताच ही बाजू अंगवळणी पाडावी अशी अपेक्षा करतो.

आता त्या उसाच्या गाडीकडे वळू. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, आणि मागील तांबडा दिवा असलाच तर त्या वाढ्यांत बुडालेला. सोबत बैलगाड्या, त्यांना दिवा नाहीच. चालक बिचारा रात्रंदिवस खेपा करून थकलेला. ट्रॅक्टरवरील गाणी मोठ्याने लावतो ती झोप येऊ नये म्हणून. चाक निखळले वा टायर फुटला की गाडी जेथल्या तेथे उभी राहते. मग मागे चार दगड मांडायचे आणि बाभळीची फांदी टाकायची, हा आमचा धोक्याचा इशारा. सदलग्याचे पोरही ती फांदी दुरून ओळखते. टोरांटोत वाढलेल्या तरुणाला तो वाऱ्याने पडलेला झाडोरा वाटेल. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तेथेच राहतात, ते निराळेच. खेड्यांच्या तोंडाशी रंग न दिलेले गतिरोधक असतात. महामार्गावर लांबचा वळसा चुकविण्यासाठी उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार असतात. निपाणीनजीक तवंदी घाटाच्या उतारावर अवजड वाहने असतात. एकदिशा मार्गावर समोरून कोणी येणार नाही, हा परक्याचा विश्वास. तो त्याच्या देशात रास्त आहे. येथे त्याच्या जिवावर बेततो.

नावांचा घोळ आणखी वेगळा. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने बेळगावचे 'बेळगावी' केले. जुन्या नकाशात एक नाव, नव्या पाटीवर दुसरे, लोकांच्या तोंडी तिसरे. निपाणी कोठे 'निप्पाणी' होते, आणि सदलग्याची रोमन अक्षरेही सर्वत्र एकसारखी नसतात. महामार्ग सोडून आत शिरले की पुष्कळ ठिकाणी केवळ कानडी पाटी. कानडीच्या पाटीला आमचा विरोध नाही. कर्नाटकात ती असलीच पाहिजे. महाराष्ट्रात शिरणारा कानडी ट्रकचालकही मराठी पाटीपुढे असाच बावरत असेल. परंतु जेथे दोन्ही भाषा घराघरांत बोलल्या जातात तेथे पाटीवर त्या दोन्ही असणे आणि सोबत रोमन अक्षरे असणे ही मेहेरबानी नव्हे, ती वाहतुकीची गरज आहे. भाषेच्या वादाने रस्ता अडतो हे तर आपण पाहिलेच. २०२२ च्या डिसेंबरात बेळगावजवळ महाराष्ट्राच्या पाटीच्या वाहनांवर दगड पडले. २०२५ च्या फेब्रुवारीत वाहकाला झालेल्या मारहाणीनंतर दोन्ही राज्यांतील बससेवा खंडित झाली. पुण्याहून भाड्याची मोटार घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्याला 'एमएच' आणि 'केए' या अक्षरांचा असाही काही अर्थ असतो, हे कोण समजावणार? आणि कोणत्या तोंडाने?

पावसाळ्याची कथा याहून गंभीर आहे. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांवरील मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी यांसारखे कमी उंचीचे पूल मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. गावकऱ्याला पाण्याचा रंग पाहून अंदाज येतो. परका माणूस फोनमधील नकाशावर विसंबतो, आणि नकाशाला सर्वांत जवळची वाट म्हणून तोच पूल दिसतो. नदीच्या एका काठावर एक जिल्हाधिकारी, दुसऱ्यावर दुसरे. अलीकडे अडथळा लावला तरी पलीकडे लावला असेलच असे नाही.

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो की, परदेशीयांच्या हाती वाहन देऊच नये. आम्हाला तो मान्य नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली, आणि त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हे सारे का परदेशातून आले होते? ते आपलेच, ते व्याकरण जन्मापासून ठाऊक असलेले. ज्या अंधाऱ्या ट्रॉलीवर परका आदळतो, तिच्यावरच निपाणीच्या बाजारातून परतणारा शेतकऱ्याचा मुलगाही आदळतो. फरक इतकाच की, परक्याच्या मृत्यूची चौकशी त्याचा वकिलात करते आणि आपल्या मुलाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. परका पाहुणा आमच्या रस्त्यातील जे दोष दाखवितो ते त्याच्यासाठी निर्माण झालेले नाहीत.

तरीही पाहुण्याला आमचे स्पष्ट सांगणे आहे. पहिले काही दिवस स्वतः चालवू नका. आपल्याकडे चालकासह मोटार मिळते, गोव्यात मोटारसायकलवरचा पायलट मिळतो, निपाणी आणि चिकोडीपर्यंत बस जाते. शेजारच्या आसनावर बसून रस्ता वाचायला शिका. घाटमाथ्यावर अंधार पडल्यावर निघू नका. हा नियम आमच्यातले जुने चालकही पाळतात. भाड्याचे वाहन राज्याबाहेर नेता येते की नाही, हे किल्ली घेण्यापूर्वी विचारा. आणि अपघात झालाच तर कायदा जाणून असा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य घातले आहे, पण जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूट दिली आहे. कायद्याच्या कलमातच जमावाच्या रागाची तरतूद करावी लागावी, हा आमच्या समाजावरचा शेरा आहे. परक्याने तो वाचून घ्यावा आणि तडक पोलिसांकडे जावे. पाहणाऱ्यांनीही बाजूला सरू नये. जखमीला इस्पितळात नेणाऱ्यास पोलिसांचा जाच होऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले, २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्यात स्थान मिळाले. १०८ ला दूरध्वनी करणाऱ्याला आता भिण्याचे कारण उरलेले नाही.

शासनाकडून आम्ही विमानतळासारखे गुळगुळीत रस्ते मागत नाही. वाहन भाड्याने देणाऱ्याने परवान्यावरील वर्ग तपासावा आणि एका कागदावर या मुलखाचे व्याकरण छापून गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावे. गोवा सरकारने परवाना देतानाच ही अट घालावी. बुडणाऱ्या पुलांच्या दोन्ही तोंडांशी पाण्याची खोली दाखविणारे रंगीत खांब आणि साखळी जूनपूर्वी उभी राहावी, आणि ती एकाच दिवशी लावण्याबाबत बेळगाव व कोल्हापूर येथील जिल्हाधिकाऱ्यांनी एकमेकांना दूरध्वनी करावा. त्यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. राहिला ऊस. चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, निपाणीचा हालसिद्धनाथ, शिरोळचा दत्त या कारखान्यांनी मनात आणले, तर पाठीमागे चमकणारी पट्टी नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घ्यायची नाही असा ठराव एका बैठकीत होऊ शकतो. पट्टीची किंमत उसाच्या एका मोळीहून फारशी अधिक नाही. ती येत्या गळिताच्या पहिल्या दिवसापासून लावावी.