बयाणा देण्याआधी

इंदूरकरांना कचरा वेगळा करायला शिकवायची गरज राहिलेली नाही. २०१७ ते २०२३ या काळात स्वच्छ सर्वेक्षणात शहर सलग सात वेळा पहिलं आलं, शेवटच्या वेळी सुरतेच्या जोडीने. सकाळी गाडी आली की घरातली आजीसुद्धा नातवाला हटकते, अरे, सेल त्या डब्यात नाही, ह्या डब्यात. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, इलेक्ट्रॉनिक, असे सहा प्रकार करणं अंगवळणी पडलं आहे. आणि हेच घर लग्नासाठी मॅरेज गार्डनमध्ये गेलं की ती सवय फाटकाबाहेर ठेवून आत शिरतं. रिसेप्शन संपल्यावर एकदा स्वयंपाकाच्या तंबूमागे जाऊन बघा. भाजी माखलेल्या ताटल्या, अर्धे प्यायलेले पेले, आइस्क्रीमचे कप, टिश्यू पेपर, स्टेजवरून उपटलेली फुलं, रिबिनी, थर्माकोलची नावं, सगळं एकाच ढिगात.

हा ढीग वाईट दिसतो, एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा रोज ५५० टन क्षमतेचा कारखाना आहे. १९ फेब्रुवारी २०२२ ला तो सुरू झाला आणि त्याच्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात. पण तिथे कचरा निव्वळ ओला जावा लागतो. लग्नातली उष्टी भाजी ही खरं तर त्या कारखान्याला हवीच असलेली वस्तू. तिच्यात चमचे, पेले आणि नायलॉनचे दोरे मिसळले की ती कामातून जाते, आणि रात्री एक वाजता ती निवडायला कोणी बसत नाही.

हे यजमानांना कळत नाही असं नाही. घोडं अडतं ते दुसरीकडेच. लग्नात आपण स्वतः काहीच करत नाही. टेंटवाला करतो, डेकोरेशनवाला करतो, केटरर करतो. आठ दिवस आधी आपण त्यांना म्हणतो, "जरा प्लास्टिक कमी ठेवा." तो म्हणतो, "हो जाएगा भैया," आणि काही होत नाही, कारण त्याचा माल तेव्हा गोदामातून निघालेला असतो. त्याने ऐकावं अशी वेळ एकच, बयाणा हातात पडण्याआधीची. दर ठरवताना, झुंबरं किती आणि सोफे किती हे बोलताना, त्याच कागदावर चार ओळी जास्तीच्या लिहून घ्या. बयाणा दिल्यानंतर आपण नुसते विनवणी करणारे उरतो.

त्या ओळींमध्ये पहिला मान फुलांचा. खरी फुलं लावली म्हणजे काम झालं, हा आपला मोठा गैरसमज आहे. एखादा वापरून झालेला हार घ्या आणि कात्रीने उघडून बघा. झेंडू खरा आहे, पण ओवलाय नायलॉनच्या दोऱ्यात. मधूनमधून थर्माकोलचे चंदेरी मणी, पदकाच्या जागी पुठ्ठ्यावर चिकटवलेला चमकीचा कागद, खाली प्लास्टिकचा गोंडा. शेवंती निळी दिसते, ती रंगाच्या फवाऱ्यामुळे. हा हार खताच्या खड्ड्यात गेला तर झेंडूची माती होते आणि दोरा तसाच राहतो. यंत्रात गेला तर पात्यांना गुंडाळी घालतो. म्हणून हारवाल्याला सांगायचं ते एवढंच: सुती दोरा, आणि फूल नाही असं काहीही हारात नको. दोरा महागला म्हणून त्याने चार पैसे जास्त मागितले तर द्या. फुलं वेगळी काढून दिली की त्यांचं चांगलं खत होतं, आणि खताला गिऱ्हाईक लांब शोधावं लागत नाही. आपल्या प्रत्येक कॉलनीत बगीचा आहे.

दुसरी गोष्ट स्टेजवर लपलेली असते. मोठमोठे पुष्पगुच्छ आणि कमानी ज्यात खोचलेल्या असतात ती हिरवी वीट, फूलवाले तिला ओअॅसिस म्हणतात. पाण्यात बुडवली की ती पाणी धरून ठेवते, म्हणून ती त्यांना सोयीची. पण ती प्लास्टिकच आहे. बोटाने दाबली की तिचा हिरवा भुगा होतो, आणि तो भुगा कुजत नाही, मातीत नि पाण्यात तसाच फिरत राहतो. लंडनच्या प्रसिद्ध चेल्सी पुष्पप्रदर्शनात २०२१ पासून तिला बंदी आहे. तिच्याशिवाय सजावट होत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तोंड रुंद असलेल्या पितळी घागरीत किंवा मातीच्या माठात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी चुरगाळून बसवली, पाणी भरलं, की फुलं त्यात दोन दिवस ताठ उभी राहतात. कमानीला ओलं गवत सुतळीने बांधून त्यात खोचता येतात. जाळी आणि घागरी पुढच्या लग्नाला पुन्हा कामाला येतात.

प्लास्टिकच्या फुलांबद्दल थोडं सबुरीने बोलावं लागेल. टेंटवाला तेच वेल वर्षानुवर्षं वापरतो, तेव्हा एका रात्रीच्या परदेशी ऑर्किडपेक्षा ते वाईटच, असं मी डोळे मिटून म्हणणार नाही. पण ते वेल मळले, विटले की शेवटी जातात कचऱ्यातच, आणि झेंडू-निशिगंध पिकवणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. महाराष्ट्रातल्या फूल उत्पादकांनी या प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आणा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, ती उगाच नाही. त्यापेक्षा मुहूर्त बघून फूल निवडा. हिवाळ्यातल्या लग्नाला झेंडू, शेवंती, गुलाब. वैशाखातल्या लग्नाला मोगरा. फुलं मोजकी ठेवा आणि जागा पानांनी भरा: आंब्याची डहाळी, अशोकाची पानं, केळीचे खांब. आपल्या आज्यांच्या काळी मांडव याच सामानाचा असायचा, आणि तेव्हा त्याला कोणी इको-फ्रेंडली म्हणत नव्हतं.

आणि कापड! आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत महेश्वर आहे. अहिल्याबाईंच्या आश्रयाने जी विणकरी तिथे वाढली, तिच्या साड्या इंदूरच्या प्रत्येक मराठी घरातल्या कपाटात निघतील. आईच्या, मावशीच्या, आत्याच्या जुन्या साड्या स्टेजच्या मागे एकाशेजारी एक सोडल्या तर जी शोभा येते ती सॅटिनच्या भाड्याच्या पडद्याला येत नाही. फोटोतही मागे कोणाची साडी आहे हे घरातल्यांना ओळखू येतं. टाके घालून लावायच्या, पिना टोचायच्या नाहीत, एवढं मात्र डेकोरेशनवाल्याला बजावून सांगा.

थर्माकोलबद्दल लांबण लावत नाही. सजावटीसाठी थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ त्याच यादीत आहेत. निमंत्रणपत्रिकेवर आणि मिठाईच्या डब्यावर गुंडाळतात ती पातळ प्लास्टिकची झिल्लीही आहे. वधूवरांची नावं थर्माकोलमध्ये कोरून देणाऱ्याला आपण कायदा मोडायचे पैसे देत असतो. नावं लिहायची तर पुठ्ठ्यावर, लाकडावर किंवा रांगोळीने लिहावीत. आपल्याकडे रांगोळी काढणाऱ्या हातांची वाण नाही.

पत्रिकांचंही तसंच. पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीला, मग थोड्या वडीलधाऱ्यांना हातात, बाकीच्यांना फोन आणि मोबाइलवर. बी पेरलेल्या कागदाच्या पत्रिका हल्ली फार निघाल्या आहेत. ती पत्रिका कुंडीत पुरून पाणी घालणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे. 'ग्रीन वेडिंग' या नावाखाली दुप्पट दराने विकला जाणारा बांबूचा देखावाही त्याच जातीचा. जे कमी आणावं लागतं तेच खरं पर्यावरणाचं. नवीन काही विकत घेऊन कचरा कमी होत नाही.

आता जेवण. हिशेब साधा आहे. पाचशे पाहुणे, प्रत्येकाची एक ताटली, दोन वाट्या, दोन पेले, एक चमचा, एक आइस्क्रीमचा कप: साडेतीन हजार वस्तू एका रात्रीत फेकायच्या. त्याऐवजी स्टील सांगा. केटररकडे स्टील असतं; धुणाऱ्या बायकांची मजुरी वाचावी म्हणून तो ते काढत नाही, तर ती मजुरी वेगळी द्यायची तयारी ठेवा. घरच्या छोट्या कार्यांसाठी, केळवण असो वा हळद, महापालिकेने एका स्वयंसेवी संस्थेबरोबर बर्तन बँक काढली होती, स्टीलची भांडी विनामूल्य वापरायला देणारी. आपल्या झोन कार्यालयात विचारून बघा. फेकण्याचंच हवं असेल तर पानांची पत्रावळ घ्या, पळसाची, म्हणजे आपल्या माळव्यातल्या खाखऱ्याची. कागदी ताटलीला भुलू नका: तिचा तुकडा पाण्यात भिजवा, वरून चकचकीत पापुद्रा सुटून आला तर ते प्लास्टिक आहे. पाण्याच्या छोट्या बाटल्या नकोत. चांगल्या पाण्याचे मोठे जार आणि शेजारी पेले, आणि ते भरून देणारा एक माणूस.

अन्न वाया जाण्याला मात्र भांडी जबाबदार नाहीत. पंगतीत ते आग्रहामुळे जायचं, बफेत ते काउंटरांमुळे जातं. इंदूरचा माणूस खाण्याचा शौकीन, म्हणून आपण भुट्ट्याचा कीस, गराडू, दालबाफले, चाट, पास्ता, चायनीज असं सगळं एका छताखाली मांडतो. पाहुणा सगळ्याची चव घेतो आणि कशानेच पोट भरत नाही. ताट अर्धं भरलेलं टाकतो. काउंटर निम्मे करा, ताटल्या लहान ठेवा, वाढायला माणूस उभा करा. चार दिवस आधी घरातल्या पोरांना यादी देऊन प्रत्येकाला फोन करायला लावा: येताय का, किती जण? केटररचा दर ताटावर असतो, आकडा कमी करा असं तो कधी सुचवणार नाही. उरलेलं अन्न द्यायचं असेल तर ज्यांना द्यायचं त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, आणि भांड्यात उरलेलंच द्या, वेळेत, गरम असताना. मध्यरात्री आंबत आलेला पनीर पाठवणं हे दान नव्हे.

शेवटी तो तंबूमागचा ढीग. तिथे तीन पिंपं आणि दोन माणसं हवीत, फक्त याच कामाची: एक अन्नाचं, एक फुलापानांचं, एक सुक्याचं. लग्न घरासमोर किंवा कॉलनीच्या बगीच्यात, म्हणजे परवाना नसलेल्या जागी असेल आणि माणसं शंभरावर असतील, तर तीन कामाचे दिवस आधी महापालिकेला कळवावं आणि कचरा वेगळा करूनच द्यावा, असं घनकचरा नियमांतच आहे. ते कळवताना गाडीची वेळही ठरवून घ्या.

घरात एखादे काका म्हणतील, लोक काय म्हणतील, खर्चाला मागे सरले म्हणतील. म्हणू द्यात. सनावदियात सौर चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या पद्मश्री जनक पलटा मॅकगिलिगन यांना एकेकाळी लोक असंच काहीबाही म्हणाले असतील. आज होळीच्या आधी पळसाचे रंग शिकायला इंदूरची माणसं त्यांच्याच दारात जातात.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतील आणि टेंटवाल्यांची डायरी भरायला लागेल. यंदा तुमच्या घरी कार्य असेल तर हे बोलणं नवऱ्यामुलावर किंवा नवरीवर ढकलू नका. त्यांचं तिथे कोणी ऐकत नाही. बयाणा ज्याच्या खिशातून जाणार आहे त्यानेच बोलावं, आणि लिहून घेऊन मगच पैसे मोजावेत.