हातातली विद्या : जुन्या गाडीचे इंजिन धुताना



गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मुलगा गॅरेजमध्ये कामाला. कुणा शौकिनाची जुनी फियाट धुण्यासाठी आली होती. तेलाचा काळा थर निघावा म्हणून पोराने नेहमीप्रमाणे डब्यात पेट्रोल घेतले, त्यात ब्रश बुडवला आणि इंजिन घासायला लागला. बॅटरी जोडलेलीच होती. तिचा सैल क्लॅम्प आवळताना पाना बॉडीला टेकला, ठिणगी उडाली आणि भडका झाला. गाडीचा रंग तेवढा करपला, तो मालकाने पुन्हा मारून घेतला. पोराचा हात मात्र तीन महिने कामाचा राहिला नाही. आईच्या भिशीचे पैसे औषधपाण्यात गेले. वर ऐकून घ्यावे लागले ते असे, "त्याचीच चूक. हलगर्जीपणा केला."

आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा विचारले, "बॅटरीची वायर आधी काढायची असते, हे तुला कुणी सांगितले होते का?" तो म्हणाला, "नाही काका. उस्ताद करतात ते बघूनच शिकलो."

वाचकहो, काम करून घ्यायचे पण कामामागची विद्या सांगायची नाही, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. म्हणून आजच्या सदरात आम्ही हीच विद्या मांडत आहोत. ज्यांची मुले गॅरेजमध्ये आहेत, ज्यांच्या दारात अजून जुनी गाडी उभी आहे, त्या सर्वांनी ही माहिती वाचावी आणि घरातल्या तरुणांना वाचून दाखवावी.

जुन्या गाडीचे वेगळेपण

उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनीच घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मुंबईकराला 'फियाट' म्हणूनच माहीत. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून हिने किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी म्हणून धावायची थांबली. पण खाजगी पद्मिनी, अॅम्बेसेडर आजही लोकांनी जपलेल्या आहेत, आणि त्या धुण्याचे काम आपल्याच पोरांच्या हाती येते.

या गाड्यांत कार्बोरेटर उघड्यावर असतो. पेट्रोल रबरी नळीतून येते. नळी जुनी झाली की तडकते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. जुने रबर त्यासाठी बनवलेलेच नव्हते, ते लवकर फुगते आणि झिरपते. वायरीवरचे आवरण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन सोललेले असते. करंट देणारा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपल्या भाषेत डेल्को, पाणी शिरले की गाडी चालूच होऊ देत नाही. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला ठिणगी. मधे आपला हात असतो, हे विसरू नये.

पेट्रोल नको, रॉकेल जपून

पेट्रोलने इंजिन कधीही धुऊ नये. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात साचते. लांब कुणी विडी पेटवली तरी आग वाफेवरून धावत येते. पूर्वी रेशनच्या निळ्या रॉकेलवर अनेक गॅरेजे चालली. रॉकेल पेट्रोलइतके चटकन पेटत नाही, हे खरे. पण हवेच्या गनने त्याचा फवारा मारला किंवा ते गरम सायलेन्सरवर सांडले, तर तेही पेट घेते. शिवाय त्याने कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, खाज सुटते.

कास्टिक सोडा आणि अॅसिडही वापरू नये. कास्टिकने कार्बोरेटरसारखे हलक्या धातूचे भाग खाल्ले जातात आणि थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. पाण्यात मिसळणारे डिग्रीसर बाजारात मिळते. ते नसेल तर भांडी घासायचा पातळ साबण कोमट पाण्यात घ्यावा. वेळ थोडा जास्त लागतो, पण हात शाबूत राहतो.

कामाचा क्रम

गाडी मोकळ्या हवेत, सावलीत, सपाट जागी उभी करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्याचा धूर वास न येताही जीव घेतो. हँडब्रेक ओढून चाकाखाली दगड लावावा. इंजिन पूर्ण थंड असावे. सकाळी, गाडी चालू करण्याआधी धुणे सर्वांत चांगले. गरम इंजिनवर गार पाणी पडले तर धातूला तडा जाण्याची भीती असते. गरम रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते.

अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, अंगात सुती कपडे असावेत. जवळ वाळूची बादली आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे असावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

मग नाकाने काम करावे. पेट्रोलचा वास येतो का? नळी ओलसर आहे का? असेल तर धुणे राहू द्या, आधी गळती बंद करा.

त्यानंतर बॅटरी. चावी काढून घ्यावी आणि बॅटरीची जी वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली असते, ती आधी काढावी. बहुतेक गाड्यांत ती उणे म्हणजे मायनसची असते. काही फार जुन्या विलायती गाड्यांत प्लसची असते, म्हणून डोळ्यांनी बघून खात्री करावी. हा क्रम का? बॉडीची वायर काढताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. दुसरी वायर आधी सोडवायला गेलात आणि पाना टेकला, तर संपूर्ण बॅटरीचा करंट त्या पान्यातून वाहतो. बॅटरीतून निघणारा वायूही पेट घेणारा असतो. जोडताना उलटा क्रम, बॉडीची वायर सर्वांत शेवटी. त्या मुलाला एवढे एक वाक्य कुणी सांगितले असते, तर त्याचा हात वाचला असता.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळी भुकटी जमते, ती हाताने खरवडू नये. बॅटरीची झाकणे घट्ट आहेत हे पाहून, खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावावा. फेस येऊन थांबला की साध्या पाण्याने पुसावे.

आता मोबाईलवर वायरींचा एक फोटो काढून ठेवावा. निघालेली वायर कुठली, हा वाद मग होत नाही. डेल्को, कॉइल, डायनामो किंवा अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, ब्रेक ऑइलची बाटली आणि कार्बोरेटरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून रबर लावावे. किती पिशव्या लावल्या ते मोजून ठेवावे.

आधी कोरडी साफसफाई करावी. पाने, माती, उंदराचे घरटे ब्रशने काढावे. जाड ग्रीस लाकडाच्या पट्टीने खरवडावे. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि अनेक वर्षांनी कॅन्सर होतो. म्हणून तिथे हवा मारून धूळ उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

मग साबणाचे पाणी ब्रशने खालून वर लावावे. पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे, वाळू देऊ नये. जुना रंग असेल तर आधी एका कोपऱ्यात लावून पाहावे. धुताना मग किंवा हातपंपाचा फवारा पुरे. जोराच्या पाण्याच्या मशीनने सोललेल्या वायरीत पाणी घुसते आणि दुखणे आठ दिवसांनी बाहेर येते.

शेवटी कोरड्या फडक्याने पुसावे. सर्व पिशव्या मोजून काढाव्यात. विसरलेली पिशवी पंख्यात किंवा कार्बोरेटरच्या तोंडात ओढली जाते. बॉनेट उघडे ठेवून गाडी एक-दोन तास उन्हात ठेवावी. पुन्हा पेट्रोलचा वास येत नाही ना हे पाहावे, मगच बॅटरी जोडावी. इंजिन चालू होईना किंवा धक्के देऊ लागले, तर वारंवार चावी मारू नये. चावी काढून डेल्कोचे झाकण उघडावे, आतून कोरडे पुसावे. बहुधा तेवढ्यावर भागते. चालू इंजिनजवळ सैल बाही नेऊ नये, पंखा आणि बेल्ट कुणाचीही वाट पाहत नाहीत.

घरच्या माणसांसाठी

गॅरेजचे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. पेट्रोलचा वास असलेले कपडे स्वयंपाकाच्या गॅसजवळ ठेवू नका. हाताची काळी ग्रीस पेट्रोलने काढू नये. थोडे गोडेतेल चोळून मग साबण लावावा. नळीने तोंड लावून पेट्रोल ओढण्याची सवय तर आजच बंद करा. पोटात गेले तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या. भाजले तर टूथपेस्ट, शाई काही लावू नका. वीस मिनिटे साध्या पाण्याची धार सोडा आणि १०८ ला फोन करा. डोळ्यात काही गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.

गटारात कोण उतरतो?

धुतल्यावर काळे पाणी जाते कुठे? सरळ गटारात. जळके ऑइल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. आणि त्या गटारात उतरणारा कोण? आपलाच भाऊ. कुणालाही संरक्षणाशिवाय गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे उतरवली जातात, गुदमरून मरतात. त्यात पेट्रोलची वाफ भरली तर आणखी काय होईल? म्हणून गाडीखाली ट्रे ठेवा, लाकडाचा भुसा पसरा, तेल त्यात टिपून घ्या. जळके ऑइल डब्यात भरून परवाना असलेल्या खरेदीदारालाच द्या. आपल्या हाताची काळजी घेताना दुसऱ्याच्या श्वासाचीही घ्यावी. मैत्रीची भावना विहारात जपतो, तीच गॅरेजच्या उंबऱ्यावरही हवी.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराचा जीव मालकाच्या मर्जीवर सोडायचा नाही, तो कायद्याने राखायचा, ही त्यांची भूमिका होती. कामावर इजा झाली तर भरपाई मागण्याचा हक्क आपल्या देशात १९२३ पासून आहे. दवाखान्याचे कागद जपून ठेवा, तारीख लिहून ठेवा, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे घ्या. आणि चौदा वर्षांच्या आतले मूल गॅरेजमध्ये दिसले तर त्याच्या आई-बापाला समजावून त्याला शाळेत पाठवा.

तो मुलगा आता पुन्हा कामावर जातो. हाताची कातडी अजून ताणते. परवा तो आम्हाला म्हणाला, "काका, आता नवा पोऱ्या आला की मी पहिल्यांदा त्याला बॅटरीची वायर दाखवतो." बुद्धांनी अप्रमादाचा, म्हणजे सदैव जागे राहण्याचा मार्ग दाखवला. त्या पोराच्या एका वाक्यात आम्हाला तोच दिसला. आपल्याला कुणी सांगितले नाही म्हणून आपणही सांगायचे नाही, असे नको. जे कळले ते पुढच्याला सांगा.

जय भीम!