अंडं म्हणे आधीच पळवलं होतं!

चोरीचा सिनेमा बघायला आपण जातो ते गंडवून घ्यायलाच. पण गंडवण्यातही इमान लागतं. 'ओशन्स इलेव्हन'मध्ये (२००१) ते होतं. तीनच वर्षांनी, त्याच दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गच्या 'ओशन्स ट्वेल्व्ह'मध्ये ते गायब झालं.

पहिल्या सिनेमात डॅनी ओशनची टोळी लास व्हेगासच्या तीन कॅसिनोंची सामाईक तिजोरी फोडते. त्याआधी तिजोरीची हुबेहूब नक्कल उभारली जाते. सरावासाठी असेल, म्हणून आपण ती विसरून जातो. शेवटी कळतं, की कॅसिनोमालक बेनेडिक्ट पडद्यावर जी लूट बघत होता, ती या नकली तिजोरीत आधीच चित्रित केलेली होती! पत्ता आपल्यासमोरच टेबलावर पडलेला होता, नजर आपली चुकली. म्हणून राग येत नाही, टाळी पडते.

'ट्वेल्व्ह'मध्ये बेनेडिक्ट पैसे व्याजासकट परत मागतो, मुदत दोन आठवडे. टोळी युरोपात जाते. रोममधल्या संग्रहालयातून फाबर्जेचं रत्नजडित अंडं पळवायचं असतं, आणि 'नाइट फॉक्स' नावाचा फ्रेंच चोर स्पर्धेत असतो. बेत, फजिती, अटक हे सगळं आपण जीव लावून बघतो. मग डॅनी सांगतो, अंडं तर वाटेत रेल्वेतच पिशवी बदलून उडवलं होतं. बाकीची धावपळ फॉक्सला दाखवायला. फॉक्स फसला, ठीक. पण आम्हाला एखादा धागा तरी द्यायचा होता! पडदा पाडून आत जादू केली, तर टाळी कशाला वाजवायची?

डॅनीची बायको टेस ज्युलिया रॉबर्ट्ससारखी दिसते, म्हणून टोळी तिला ज्युलिया रॉबर्ट्स बनवून पाठवते. टेसच्या भूमिकेत अर्थातच ज्युलिया रॉबर्ट्स! वर खुद्द ब्रूस विलिस तिला भेटायला येतो. मी हसलो, नाही म्हणत नाही. पण पुढे सिनेमा दुसऱ्याच्या लग्नाच्या कॅसेटसारखा वाटू लागतो. वऱ्हाडी मजेत, आपण सोफ्यावर. डॅनी झालेल्या जॉर्ज क्लूनीचं खरं घरसुद्धा सिनेमात दिसणाऱ्या त्याच कोमो तलावाकाठी आहे.

लेझरच्या किरणांमधून नाइट फॉक्स झालेला व्हिन्सेंट कासेल नाचत जातो, ते दृश्य मात्र पुन्हा लावून बघितलं. अख्ख्या सिनेमात चोरीसाठी घाम गाळणारा हा एकटाच. आणि एवढं करून त्याच्या हाती लागतं ते नकली अंडं.

२००७च्या 'थर्टीन'मध्ये टोळी मुकाट्याने व्हेगासला परतली.