जुन्या मोटारी आणि नवे हात

#थ्रेड #इतिहास

१/
२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात एका काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली. ती शेवटची ठरली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचेच आयुष्य मिळते. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. निरोपाचे लेख पुष्कळ आले, छायाचित्रेही निघाली. मात्र उरलेल्या पद्मिनी पुढची पन्नास वर्षे चालत्या कोण ठेवणार, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

२/
जुन्या मोटारींच्या हौशी वर्तुळात एक तक्रार नेहमी ऐकू येते: तरुण इकडे फिरकत नाहीत, त्यांना यंत्राची आवड नाही, हात काळे करण्याची तयारी नाही. या हौसेचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. ही हौस मुळात तरुणांनीच जन्माला घातली आणि तीही बेताच्या पैशात, थोरांनी टाकून दिलेल्या गाड्यांवर.

३/
प्रथम इंग्लंड. १९३४ साली तिथे ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ स्थापन झाला. फार श्रीमंत नसलेल्यांसाठी मोटारींचे खेळ भरवावेत, हा त्यामागचा हेतू होता. प्रवेशासाठी गाडी किमान पाच वर्षे जुनी असली की पुरे. १९२९ च्या मंदीनंतर अनेक कारखाने स्वस्त आणि घाऊक मालाकडे वळले होते. १९२० च्या दशकातल्या दणकट गाड्या त्यामुळे जुन्या बाजारात कमी किमतीत मिळत होत्या. या तरुणांनी त्या विकत घेतल्या, उघडल्या, जोडल्या आणि पळवल्या.

४/
आज ‘व्हिंटेज’ म्हटले की संगमरवरी पोर्च आणि पांढरे हातमोजे डोळ्यांसमोर येतात. या शब्दाला मोटारींच्या दुनियेत प्रतिष्ठा देणारी मंडळी मात्र जुनी गाडी स्वस्त पडते म्हणून घेणारी होती. पुढे ‘व्हिंटेज’साठी १९३० अखेरपर्यंतच्या बांधणीची मर्यादा पक्की झाली. गाड्यांचे वय वाढत गेले, तशा किमतीही वाढल्या. ज्या दारातून संस्थापक आत आले, ते दार हळूहळू अरुंद होत गेले.

५/
त्याच दशकात कॅलिफोर्नियातही असेच काही घडत होते. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची निर्मिती १९२७ मध्ये थांबली, तोवर दीड कोटीहून अधिक गाड्या बनल्या होत्या. अशा वापरून जुन्या झालेल्या गाड्या तिथली पोरे घेत, मडगार्ड काढून टाकत, इंजिनात फेरफार करत आणि कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रात वेगाच्या शर्यती लावत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची एक संघटनाही उभी राहिली. ‘हॉट रॉड’ संस्कृतीची ही सुरुवात.

६/
सभ्य समाजाला हा उच्छाद वाटे. पण काळ उलटला. त्याच कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथील, जगातल्या सर्वांत मानाच्या मोटार-सौंदर्य स्पर्धेने १९९७ मध्ये ऐतिहासिक हॉट रॉडसाठी स्वतंत्र वर्ग उघडला. साठ वर्षांपूर्वीच्या पोरांचा ‘उपद्रव’ वारसा ठरला. एका पिढीने भंगार म्हणून टाकलेले पुढची पिढी जपते आणि तिसरी पिढी त्याचा गौरव करते, अशी या क्षेत्राची चाल आहे.

७/
पेबल बीचचीच आणखी एक कथा. १९५० मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत पहिली काही वर्षे नव्याकोऱ्या गाड्याच सर्वोच्च मान मिळवत. १९५५ मध्ये प्रथमच महायुद्धपूर्व गाडी विजयी झाली: १९३१ ची पिअर्स-ॲरो. ती आणली होती फिल हिल या तिशीही न गाठलेल्या तरुणाने. गाडी त्याच्या मावशीची; तिचे पुनरुज्जीवन त्याने घरच्यांच्या साथीने केले होते. हाच तरुण १९६१ मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला.

८/
या प्रसंगातली दोन गोष्टींची जोड लक्षात घेण्याजोगी आहे. विजेती गाडी त्या वेळी अवघी चोवीस वर्षांची होती आणि ती कुठल्या राजाची नव्हती, घरातली होती. लहानपणी जिच्या मागच्या सीटवर बसलो, ती गाडी मोठेपणी आपल्या हातांनी पुन्हा सुरू करायची: तरुणाला जुन्या यंत्राकडे ओढणारी याहून मोठी प्रेरणा क्वचितच असते.

९/
आता भारत. दिल्लीतली ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची प्रसिद्ध रॅली १९६४ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी १९३४ ची मोटार तीस वर्षांची होती. प्रेक्षकांपैकी अनेकांनी तशा गाड्या रस्त्यावर धावताना पाहिल्या असतील. आज तीच गाडी नव्वदी ओलांडून गेली आहे. विशीतल्या प्रेक्षकाने ती चित्रातच पाहिलेली असते. तो येतो, कौतुकाने छायाचित्र घेतो आणि निघून जातो. दोरीपलीकडच्या गाडीशी त्याचे नाते जुळत नाही.

१०/
नाते जुळेल अशी गाडी भारतात नाही असे नाही. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडली. तिलाच १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. मध्यमवर्गीय घरात ती यायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

११/
तिच्यानंतर आली मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या ग्राहकाच्या हाती तिची किल्ली दिली. आज तिशी-चाळिशीत असलेल्या असंख्य लोकांचा पहिला घाट, पहिले लायसन्स, पहिली ‘हाफ क्लच’ची शिकवणी या गाडीशी जोडलेली आहे. तिचे सुटे भाग मिळतात, रचना साधी आहे आणि नवशिक्याला ती उघडायची भीती वाटत नाही. त्यांच्यासाठी फिल हिलच्या मावशीची गाडी म्हणजे हीच.

१२/
इथेच कायदा आडवा येतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने ‘व्हिंटेज’ वाहनाला प्रथमच स्वतंत्र ओळख दिली: मूळ स्वरूपातले, पन्नास वर्षांहून जुने दुचाकी वा चारचाकी वाहन, ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांक मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये शुल्क. रोजच्या वापराला मनाई, प्रदर्शन व रॅलीला मुभा. पाऊल स्वागतार्हच होते. प्रश्न पन्नास या आकड्याचा आहे.

१३/
ऐतिहासिक वाहनांची जागतिक महासंघटना ‘फिवा’ तीस वर्षे पुरेशी मानते. भारतात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठीचे हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. दिल्ली परिसरात तर पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी ‘जुनाट’ ठरते आणि पन्नासाव्या वर्षी ‘वारसा’. मधल्या पस्तीस वर्षांत तिला नावच नाही.

१४/
गाड्या मरतात त्या याच पोकळीत. १९८३ ची मारुती २०३३ पर्यंत व्हिंटेज ठरणार नाही. सर्वांत शेवटच्या पद्मिनींना २०५० च्या आसपासपर्यंत थांबावे लागेल. तोवर त्यांतल्या किती भंगारात वितळलेल्या असतील? आणि कार्ब्युरेटर कानाने जुळवणारे, पॉइंटची फट पोस्टकार्डाच्या कडेने मापणारे मिस्त्री तरी किती उरतील? ही विद्या पुस्तकात फारशी नाही. ती गॅरेजमध्ये, शेजारी उभे राहून, पाना हातात देता देता पोहोचते.

१५/
यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला प्रदूषणाचा, आणि तो खरा आहे. जुन्या इंजिनाचा धूर नव्याहून वाईटच. पण वर्षात मोजके दिवस बाहेर पडणारी जपलेली गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी खिळखिळी गाडी यांना एकच नियम लावणे न्याय्य नव्हे. वापरावर मर्यादा घालून तीस वर्षांवरील वाहनांचा वेगळा वर्ग करता येतो. पन्नाशीच्या वाहनांसाठी तेच तत्त्व कायद्याने मान्य केलेलेच आहे.

१६/
दुसरा आक्षेप हौशी वर्तुळातूनच येतो: मारुतीलाही क्लासिक म्हटले तर रोल्स-रॉईसची शान ती काय राहिली? इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या, कॅलिफोर्नियात भंगाराच्या मोलाच्या गाड्यांवर हा वारसा उभा राहिला. त्या इतिहासापुढे हा आक्षेप टिकत नाही. रोल्स-रॉईसला उद्या जाणकार मेकॅनिक लागेल, तो आज मारुतीवर हात बसवणाऱ्यांतूनच यायचा आहे.

१७/
असे घडू शकते याचा पुरावा दुचाकींनी दिला आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याला १९९६ मध्ये टाळे लागले. तरीही जावा-येझदीचे चाहते दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी शहराशहरांत जमतात. गाडी आवाक्यातली, भाग अदलाबदलीने मिळणारे, आणि किक मारून न लागलेली गाडी रस्त्याच्या कडेलाच चौघांनी मिळून उघडायची रीत. कारखाना बंद झाल्यानंतर जन्मलेली मुलेही त्यात दिसतात.

१८/
तेव्हा तरुण का येत नाहीत, यापेक्षा त्यांना आत येऊ कोण देत नाही, हे विचारणे अधिक प्रामाणिक ठरेल. रॅलीत तीस वर्षांच्या साध्या गाड्यांना सन्मानाचा वर्ग हवा. आयटीआयच्या विद्यार्थ्यांना जुन्या गॅरेजांत उमेदवारी हवी. परीक्षकांच्या शेजारी एखादा विशीतला शिकाऊ परीक्षक हवा. आणि दोरीपलीकडच्या एका तरी गाडीचे बॉनेट त्या दिवशी उघडे हवे.

१९/
कुर्ल्याचा कारखाना थांबला, टॅक्सीही गेली. तरी कुठल्या तरी इमारतीच्या मागच्या बाजूला, धुळीच्या आच्छादनाखाली, आजोबांची पद्मिनी अजून उभी आहे. चोक ओढून ती सुरू कशी करायची हे आजोबांना ठाऊक आहे. नातवंडाला ते शिकायचेही असेल. दोघे एकाच वेळी त्या गाडीपाशी उभे राहू शकतील, असा काळ आता फार उरलेला नाही.

(समाप्त)