जुन्या मोटारीचे हरवलेले घोडे

मोटारीची ताकद अश्वशक्तीत मोजतात, एवढे आपण शाळेत शिकलो. परंतु हे घोडे म्हातारे होतात, लंगडतात, आणि काही तर तबेल्यातून केव्हा निघून गेले याचा मालकाला पत्ताही लागत नाही, हे कोणी शिकवले नाही. कारखान्यातून निघताना १३६ घोडे असलेल्या मोटारीत चाळीस वर्षांनी किती उरले असतील? माझे म्हणणे असे की, जुनी आलिशान मोटार थोडक्या पैशांत जोरकस करायची असेल, तर नवे घोडे विकत आणण्याच्या भरीस पडू नये. आधी हरवलेले शोधावेत. आणि ते शोधणारी माणसे आपल्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, आजही आहेत.

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीवर लेख कशाला, असे काही प्राध्यापक म्हणतील. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्याच्यावर चित्रपट काढले, त्या गावात कला आणि लेथ यांच्यात भिंत घालणे मला तरी जमत नाही. म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्या मंडळींनी इंजिने उघडून, समजून घेऊन इथेच घडवली. दसऱ्याला ज्या मेबॅकमधून छत्रपतींच्या घराण्यातली मंडळी दसरा चौकात येतात, ती मोटार १९३०च्या दशकातली आहे. इतकी जुनी मोटार रस्त्यावरून चालवायची तर तिच्यामागे कोणाचे तरी जाणते हात लागतात. आपण टाळ्या वाजवतो, हातांची चौकशी करीत नाही.

आपल्या कॉलेजच्या फाटकापाशी रोज काय ऐकू येते? सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाड्या. पुंगळी काढली की गाडी ‘पळते’, अशी ठाम समजूत आहे. आवाज वाढतो, हे खरे. पण शड्डू जोरात ठोकला म्हणून कुस्ती मारली जात नाही, हे खासबागेच्या गावातल्या पोराला तरी सांगावे लागू नये. दम छातीत लागतो. इंजिनाचेही तसेच आहे. त्याला हवा पुरी मिळाली पाहिजे, ती नीट दाबली गेली पाहिजे, आणि ठिणगी वेळेवर पडली पाहिजे. या तिन्हींत कसर असेल, तर मागे कसलीही नळी लावा.

आता मूळ विषयाकडे येतो. कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या छपराची मोटार. १९८० ते १९८५ या काळात निघालेली मर्सिडीजची २३० सीई हे तिचे एक देखणे उदाहरण. २.३ लिटरचे इंजिन, १३६ अश्वशक्ती, खिडक्या खाली केल्या की मधे खांब नाही. वजन मात्र तेराशे किलोच्या वर. म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला दहा किलोच्या आसपास ओझे. या इंजिनात पेट्रोल पोचवण्याची व्यवस्था बॉशची, के-जेट्रॉनिक नावाची, पूर्णपणे यांत्रिक. आत येणारी हवा एक गोल तबकडी उचलते. ती जितकी उचलली जाईल तितके पेट्रोल सुटते. कॉम्प्युटर नाही, लॅपटॉप जोडायची सोय नाही. एक दाबमापक, तीन मिलिमीटरची ॲलन की आणि तयार कान एवढ्यावर तिची तब्येत समजते. अशा गाड्यांना ‘जुने खटारे’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हा गुण ध्यानात घ्यावा. ज्या यंत्राचे काम डोळ्याला दिसते, ते यंत्र गरिबाला दुरुस्त करता येते.

माझे मामा उद्यमनगरात लेथवर आहेत. त्यांच्या शेजारच्या गॅरेजात गेल्या वर्षी अशाच घराण्यातली एक जुनी परदेशी कूपे आली. मालकाची तक्रार एकच: “मिस्त्री, घाटात दमच नाही हो.” त्याला कोणीतरी मोठे इंजिन बसवण्याचा सल्ला दिला होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, मालकाला आत बसवले, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगितले आणि स्वतः थ्रॉटलकडे पाहत उभे राहिले. पायाखाली पेडल पूर्ण दाबलेले, आणि तिकडे थ्रॉटल जेमतेम पाऊण उघडलेला! जोडदांड्यांचे बुश झिजलेले होते, एवढेच. म्हणजे पूर्ण ताकद मालकाने वापरलीच नव्हती, आणि निघाला होता इंजिन बदलायला. मामा म्हणाले, “आरं, आधी तिचं तिला परत दे, मग नवं माग.” मला हे वाक्य अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या कितीतरी व्याख्यांपेक्षा नेमके वाटते.

त्यानंतर रबरी नळ्या. तबकडीच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, एखाद्या नळीला बारीकशी चीर गेली तरी तिथून चोरून हवा शिरते. ती हवा तबकडीने मोजलेली नसते, म्हणून तिच्या हिश्श्याचे पेट्रोल सुटत नाही. मिश्रण पातळ होते, गाडी मिसिंग मारते, आणि मालक महागडे सुटे भाग बदलत बसतो. चीर शोधण्याला खर्च जवळजवळ नाही. चिकाटी मात्र लागते.

कॉम्प्रेशनची परीक्षा तर मला फारच आवडली. सगळे प्लग काढायचे, एकेका सिलिंडरला मापक लावायचा आणि स्टार्टर फिरवायचा. चारही आकडे जवळपास सारखे आले तर देवाचे आभार. एखादा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचे. आता दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने ती फट भरून काढली. वाढला नाही, तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. चमचाभर तेलात एवढे निदान होते. व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तर हेड उतरवून, पेस्ट लावून ते घासून बसवायचे. हे काम आपल्याकडे अनेक पिढ्या करतात. रिंगा गेल्या असतील तर खर्च वाढतो, आणि मग मालकाने घरी जाऊन बायकोशी बोलून यावे, असे तिथले मिस्त्री म्हणतात.

इतके झाल्यावरच इग्निशनचे टायमिंग, प्लग, वायरी. शिवाय एक असे दुखणे की ज्याचा इंजिनाशी संबंधच नाही: गंजलेला ब्रेक. पाय काढल्यावरही पॅड चाकाला चिकटून राहिले, तर अर्धी ताकद स्वतःच्याच ब्रेकशी झुंजण्यात जाते. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून पाहायला किती पैसे लागतात?

टायरांबाबत मात्र मी काटकसर मान्य करणार नाही. जुन्या आलिशान मोटारी कमी चालतात, म्हणून टायरची नक्षी शाबूत दिसते. पण रबर वयाने टणक झालेले असते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे वाचायला येणारे आपल्या वर्गात किती निघतील? भारतात २०१० साली पोलो कपची शर्यत सुरू झाली. त्यात सर्वांच्या मोटारी एकसारख्या असत. तरीही कोणी पुढे, कोणी मागे. म्हणजे इंजिन सारखे असले, तरी टायर, ब्रेक आणि चालवणारा यांच्यात घोडे कमावले आणि गमावले जातात. गगनबावड्याच्या वळणावर ज्याचा ब्रेकवर विश्वास आहे, त्याचीच गाडी वेगवान.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसापासून बनते. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा म्हणून मला त्याचे कौतुकच आहे. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच दिला होता. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून जुन्या कूपेवर पहिले शंभर रुपये खर्च करायचे असतील, तर ते इंधनाच्या नळ्यांवर करावेत. ही शोभेची बाब नाही. गळके पेट्रोल आणि तापलेले इंजिन शेजारी शेजारी असतात.

आणि कायदा? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी फेरफार वाहनात करता येणार नाही. पुष्कळ मुलांना हा जुलूम वाटतो. मला वाटत नाही. या निर्णयाने झिजलेला बुश बदलायला, व्हॉल्व्ह घासायला, चिरलेली नळी फेकायला कोठे मनाई केली आहे? हरवलेले परत आणायला परवानगी लागत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. श्रीमंतांच्या जुन्या खेळण्यांची चिंता आपण का वाहावी? तर ती आता श्रीमंतांकडे राहिलेलीच नाहीत. आलिशान मोटार जुनी झाली की स्वस्त मिळते, कारण तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. मग हौसेपोटी ती घेतो एखादा दुकानदार, एखादा मास्तर, नाहीतर कर्ज काढणारा तिशीतला तरुण. त्याला लुटणारे पुष्कळ आहेत. चमचाभर तेल घालून खरे सांगणारा मिस्त्रीच त्याचा आधार, आणि असे मिस्त्री आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या मुलांना कारखान्यात नोकरी हवी, मला पदवी हवी. ज्ञान कोणाकडे जाणार?

त्यांनी काहीही लिहून ठेवलेले नाही. लिहिणे हे आम्हां कला शाखेवाल्यांचे काम, म्हणून मी यंदाच्या फील्ड प्रोजेक्टसाठी हाच विषय मागितला आहे. दर रविवारी वही घेऊन गॅरेजात बसतो. ‘मिसिंग’, ‘पिकअप’, ‘दम’ हे शब्द मिस्त्री नेमके कोणत्या लक्षणासाठी वापरतात, आणि कोणत्या आवाजावरून काय ओळखतात, ते टिपून घेतो. मिस्त्रींची अट एकच आहे. वही तेलकट झाली तर तक्रार करायची नाही.