पिशवीतली सुई कुणी टाकली?

मे महिन्याच्या सुरुवातीला आपल्या आरोग्य क्षेत्राशी जोडलेले दोन दिवस येतात. १ मे कामगारांचा, ५ मे हातांच्या स्वच्छतेचा. वॉर्डात सफाई करणाऱ्या मावशी आणि मामा या दोन्ही दिवसांचे मानकरी. म्हणून हे संपादकीय त्यांच्या सुरक्षिततेविषयी.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, आणि शहरातल्या खासगी दवाखान्यांत धाराशिवपासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात. सोबत नातेवाईक, डबे, चपलांची माती. एवढ्या वर्दळीत वॉर्ड स्वच्छ ठेवणे हे कसबाचे काम आहे. कोरड्या झाडूने धुळीबरोबर जंतू उडतात, म्हणून ओलेच पुसायचे, तेही आतून दाराकडे येत. साबणाचे पाणी, साधे पाणी, जंतुनाशक अशा तीन बादल्या. सांडलेल्या रक्तावर आधी टिपकागद, वर एक टक्का हायपोक्लोराइट, आणि किमान दहा मिनिटे थांबल्यावरच पुसणे. हे द्रावण रोज ताजे हवे. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याची ताकद झपाट्याने उतरते.

आता कचऱ्याच्या लाल पिशवीकडे पाहू. तिच्यात सलाइनच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज जायच्या. सुयांसाठी पांढरा, न टोचणारा डबा. रात्रपाळीच्या धावपळीत सलाइनची एखादी स्कॅल्प व्हेन नळी सुईसकट लाल पिशवीत पडते. सकाळी मावशी पिशवीचे तोंड बांधायला आतली हवा दाबतात आणि सुई हातमोजा भेदून बोटात शिरते. टोचले त्यांना, सुई टाकली ती डॉक्टरने, सिस्टरने किंवा इंटर्नने. म्हणजे आपणच.

बाधित सुईने एचआयव्ही होण्याचा धोका हजारात सुमारे ३. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात ३० पर्यंत. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीन डोसांत पूर्ण होते. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावे लागते. पण खाडा पडेल, काम जाईल या धास्तीने कंत्राटी कामगार टोचल्याचे बोलतच नाही. बोट दाबून रक्त काढतो आणि पुन्हा कामाला लागतो. जखम दाबायची नसते, साबण-पाण्याने धुवायची असते, हेही त्याला कुणी सांगितलेले नसते.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, प्रशिक्षण आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. पगार कंत्राटदार देतो म्हणून ती टळत नाही.

मेट्रन, इन्चार्ज सिस्टर आणि निवासी वैद्यकीय अधिकारी (आरएमओ) यांना आमची विनंती आहे. लसीकरणाच्या नोंदवहीत कंत्राटी मावशींची नावे घाला. टोचल्याचे कळवणाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, हे कंत्राटातच लिहून घ्या. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध कुठे मिळेल हे रात्रपाळीलाही माहीत असू द्या. प्रशिक्षण वॉर्डातच, हातात मॉप घेऊन द्या; आणि मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, हिंदीतही द्या, कारण सोलापूर या भाषांत बोलते. संसर्ग नियंत्रण समितीत मावशींना जागा द्या. पिशवीत काय सापडते ते त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही.

यातल्या काही गोष्टींना मंजुरी लागेल, वेळ जाईल. एका गोष्टीला लागत नाही. ज्याने सुई वापरली, त्यानेच ती पांढऱ्या डब्यात टाकावी. आजच्या पाळीपासून.